उन्हात रडणारी चरबी : वेंगुर्ले तालुक्यातल्या एका डुक्करपालनाचं प्रकरण

चोरीसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा आजीच्या पडवीत बांबूला टांगलेल्या होत्या. खाली जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर तेलाचे डाग इतके पडले होते की खालचं सारवण आरपार दिसत होतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचे अकरा. माळेतला एक मणी मी दोन बोटांत दाबला तर आतला मसाला एकीकडे सरकला आणि बोटं तुपात बुडवल्यासारखी झाली.

"बघा डॉक्टर," आजी म्हणाली, "माझ्या सासूच्या टायमाक असा कदी जावक नाय. उन्हात घातला काय चरबी रडता." मग माझ्यासोबत आलेल्या, तिला मटण विकणाऱ्या डुक्करपालनाच्या मालकाकडे वळून, "तू काय खावक घालतंस रे त्येंका?"

मालक गप्प. तो माझ्याकडे आला होता वेगळ्याच कामासाठी. त्याला ड्युरॉक जातीचा नर परराज्यातून आणायचा होता आणि त्याची तब्येत तपासायला मी सोबत यावं असं त्याचं म्हणणं होतं. आजीने अर्धं मटण परत पाठवलं, नात्यातल्या दुसऱ्या दोन घरांनीही नाक मुरडलं, तेव्हा त्याने ठरवून टाकलं की दोष त्याच्या पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या रक्तात आहे, रक्त बदललं पाहिजे. आजीचंही मत फार वेगळं नव्हतं. तिच्या लेखी पांढरं 'विंग्लीश' डुक्कर म्हणजे पाण्याची पिशवी आणि काळं गावठी म्हणजे खरं मटण. नराचा व्यवहार होण्याआधी एक महिना थांबा एवढंच मी सांगितलं.

आमच्याकडे हे मटण कोण, कसं खातं ते सांगतो, कारण तक्रारीचं मूळ तिथे आहे. वेंगुर्ले-सावंतवाडी पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत पावसाच्या आधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची पद्धत आहे. खारवलेली मासळी, सोलं, आणि चोरीस. मांस आणि चरबी हाताने बारीक चौकोनी कापायची, मीठ लावून वजनाखाली पाणी काढायचं, ऊन द्यायचं, मग मिरची-लसूण-मिरी-दालचिनीचा मसाला माडीच्या शिरक्यात वाटून त्यात मुरवायचं, आतड्यात भरायचं, मणी बांधायचे आणि पुन्हा ऊन नाहीतर चुलीवरचा धूर. फ्रिजशिवाय चार महिने टिकायला हवी अशी ही वस्तू. हॉटेलात चॉप तव्यावर टाकणाऱ्याला चरबी मऊ असली काय, घट्ट असली काय, कळतही नाही. चोरीस करणारीला पहिल्याच दिवशी सुरी लावताना कळतं. मऊ चरबीचे चौकोन पडत नाहीत, ती पात्याला लोण्यासारखी माखते.

गोठ्यात काय दिसलं

जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, काजूच्या बागेत उतारावर बांधलेला गोठा. जनावरं ४६. पाच डुकरिणी, एक नर, बाकी वाढीची. बहुतेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर, थोड्यांत लँडरेसचं रक्त. वाढ उत्तम. सात महिन्यांत नव्वद किलो गाठत होती, आणि त्याचा मालकाला सार्थ अभिमान होता.

खाद्याच्या खोलीत तीन गोष्टी होत्या. एक, गिरणीतून येणारं भाताचं पॉलिश, म्हणजे तांदळाचा बारीक कोंडा, पोत्यांची थप्पीच. दोन, सुक्या मासळीची कुटी, मुख्यतः तारली, बंदरावरून स्वस्तात उचललेली. तीन, गोव्याच्या बाजूच्या एका हॉटेलातून रोज येणारे दोन निळे पिंप. सुक्या खाद्यात निम्म्याहून जास्त पॉलिश आणि साधारण १५ टक्के कुटी. पिंपात काय असतं ते मी स्वतः काठीने ढवळून पाहिलं. भात, पावाचे तुकडे, तळलेले बटाटे, कोंबडीची कातडी, आणि वर बोटभर जाड तेलाचा तवंग. तळणीचं तेल बदललं की हॉटेलवाला तेही पिंपातच ओततो, मालक म्हणाला. "तेल खाऊन डुकरं चकाकतात, डॉक्टर."

चकाकतात खरी. पण गाय-म्हैस आणि डुक्कर यांच्या पोटात एक मोठा फरक आहे. गाईने सरकी खाल्ली तरी तिच्या कोठीपोटातले जीवाणू त्यातल्या असंपृक्त, म्हणजे पातळ राहणाऱ्या चरबीचं बऱ्याच अंशी संपृक्त, घट्ट चरबीत रूपांतर करतात. डुकराचं पोट माणसासारखं एकच. जे तेल तोंडातून गेलं ते जवळपास तसंच पाठीवर जाऊन बसतं. भाताच्या पॉलिशमध्ये १२ ते १५ टक्के तेल असतं आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा लिनोलिक आम्ल, हे असंपृक्त. हे आम्ल वाढलं की चरबीचा वितळणबिंदू उतरतो. पाठीच्या चरबीत त्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की मांसधंद्यात तिला 'मऊ चरबी' म्हणतात. तारलीचं तेल तर आणखी पातळ, आणि हवा लागली की ते सगळ्यात आधी खवट होतं.

पॉलिशची आणखी एक खोड आहे. तांदूळ गिरणीत सडून पॉलिश केला की कोंड्यातलं एक विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि तेलाचे तुकडे पाडायला लागतं. कोकणातल्या दमट हवेत आठ-दहा दिवसांचं पॉलिश नाकाजवळ धरलं तर आंबूस वास येतो. त्या खोलीतली खालची पोती महिन्याची असावीत. जनावराला आधीच खवट झालेलं तेल घालायचं आणि त्याच्या चरबीने चार महिने टिकावं अशी अपेक्षा करायची, हे जरा जास्तच झालं.

दोन तुकडे, एक तवा

आजीकडून मी परत आलेल्या मटणाचा चरबीचा तुकडा घेतला. शेजारच्या वाडीत त्याच आठवड्यात एक गावठी डुक्कर कापलं होतं, त्याच्या पाठीचाही तुकडा मिळाला. दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी काढले तर गावठीचा तुकडा पांढरा, खडखडीत, बोटाने दाबला तर दबला नाही. गोठ्यातला तुकडा पिवळट, किंचित करडा, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा उमटला. जाडी मोजली. गावठी ३५ मिलिमीटर, यॉर्कशायर १६.

इथे मालक विजयी झाला. "मी सांगत होतो ना, जातच!"

गोष्ट अशी आहे की त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याचा अर्थ मात्र उलटा होता. शेजारच्या वाडीतलं डुक्करही घरचं उरलंसुरलं आणि माशांची डोकीच खात होतं. पण डुकराच्या अंगावर चरबी दोन वाटांनी येते. एक वाट खाद्यातल्या तेलाची, ती थेट. दुसरी पिठाची नि साखरेची. भात, कणी, रताळं यांतल्या पिठापासून शरीर स्वतः चरबी घडवतं, आणि या घरच्या चरबीत संपृक्त भाग बराच असतो, म्हणून ती घट्ट असते. गावठी जनावर हळू वाढतं, भरपूर चरबी घडवतं, त्यामुळे बाहेरून आलेलं तेल त्या साठ्यात विरून जातं. यॉर्कशायर आणि लँडरेस या जाती पिढ्यान्पिढ्या निवडल्या गेल्या त्या कमी चरबी, जास्त मांस यासाठी. घरची चरबी थोडी, म्हणून बाहेरचं तेल त्यात दाट उतरतं. म्हणजे खाद्याचा दोष जातीने लपवला नाही, एवढीच तिची चूक. ड्युरॉक आणला असता तर मांसाच्या तंतूंमध्ये विखुरलेली बारीक चरबी नक्की वाढली असती, त्यासाठीच ती जात नावाजलेली आहे आणि मांस रसाळ लागतं ते त्यामुळेच. पण पाठीवरची चरबी तशीच रडली असती. बाप बदलला तरी ताट तेच.

आता वास. आजीने सांगितलेल्या तक्रारीत दोन वास एकत्र झाले होते आणि ते वेगळे करणं गरजेचं होतं. मालकाच्या स्वयंपाकघरात तवा तापवला. आधी गोठ्यातल्या एका जनावराची चरबी टाकली. धूर निघाला आणि सगळ्यांनाच बांगडा तळल्यासारखा वास आला. ही कुटी, यात वाद नव्हता. मग गोठ्यातल्याच दुसऱ्या जनावराचा तुकडा टाकला. मालक तव्यावर वाकून म्हणाला, "याला तर काहीच वास नाही." त्याच क्षणी त्याची बायको पदर नाकाला लावून मागच्या दाराने बाहेर गेली. "मुतारी!" ती तिथूनच ओरडली.

तो तुकडा नऊ महिन्यांच्या, खच्ची न केलेल्या नराचा होता. वयात आलेल्या नराच्या वृषणात अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य तयार होतं आणि चरबीत साठतं. आतड्यात तयार होणारं स्कॅटोल त्याला साथ देतं, आणि शेणमुतात लोळणाऱ्या जनावरात ते अधिक. कच्च्या मांसात हा वास फारसा कळत नाही, तव्यावर पडलं की उठतो. गंमत म्हणजे अँड्रोस्टेनोन अनेकांच्या नाकाला कळतच नाही, आणि ज्यांना तीव्रपणे कळतो त्यांत बायकांचं प्रमाण जास्त. मालक वर्षभर स्वतःच्या नाकावर विसंबून मटण विकत होता आणि ते शिजवत होत्या बायका. गोठ्यात असे सात नर निघाले. खच्ची केला की वाढ मंदावते, म्हणून ठेवले होते. वाढीचं खरं आहे. अखंड नर भराभर आणि कमी चरबीचा वाढतो.

टेम्पो

तिसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. आजीचं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं, "मीठ लावलंय तर निम्म्या मटणाचा पाणीच जाता." ती अतिशयोक्ती समजून सोडून दिली असती, पण पुढच्या कापणीला मी सामू, म्हणजे पीएच, मोजायचं यंत्र घेऊन गेलो (आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त). दोन वेगवेगळ्या खणांतली चार जनावरं एका टेम्पोत कोंबलेली, सकाळी दहाची वेळ, वाटेत तासभर टायरचं काम निघालेलं. अनोळखी डुकरं एकत्र आली की भांडतातच, पाठीवर दातांचे ओरखडे होते. उतरवल्या उतरवल्या कापली. पाऊण तासाने मांडीच्या मांसाचा सामू एकात ५.७, दुसऱ्यात ५.८.

निरोगी, शांत जनावरात त्या वेळेला तो सहाच्या वर असायला हवा आणि हळूहळू, चोवीस तासांत ५.६ च्या आसपास उतरायला हवा. घाबरलेल्या जनावराच्या स्नायूत आम्ल भराभर तयार होतं. मांस अजून तापलेलं आणि त्यात आम्ल, या दोन्ही एकत्र आल्या की प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ताकद जाते. मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सोडणारं होतं. थंड देशात मांस पटकन गार करून थोडंफार सावरता येतं. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी अकराला झाडाखाली टांगलेलं मांस गार होणार कसं? याला जातीचाही हातभार असतो. पिएत्राँ आणि लँडरेस या जातींच्या काही वंशांत तणाव सोसण्याची ताकद कमी करणारं एक जनुक आहे. ते या गोठ्यात होतं की नव्हतं हे पाहायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण टेम्पो आधी सुधारायचा होता.

बदल

पिंप बंद करायला मालक तयार नव्हता, आणि त्याचं चूक नव्हतं. फुकटचं अन्न कोण सोडतं. पण ते कच्चं घालणं धोक्याचंच होतं. २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, त्याच्यावर औषध नाही, आणि तो पसरायची एक मोठी वाट म्हणजे उष्ट्यातले डुकराच्या मांसाचे तुकडे. म्हणून पिंपातलं सगळं अर्धा तास खळखळून उकळायचं ठरलं. उकळून रात्रभर ठेवलं की तेल वर येतं, ते सकाळी पेल्याने काढून टाकायचं. पहिल्याच दिवशी दोन पिंपांतून साडेतीन लिटर तेल निघालं. ते पाहून मालक पहिल्यांदा गंभीर झाला. हे उष्टंही फक्त डुकरिणींना आणि लहान वाढीच्यांना, कापणीच्या शेवटच्या अडीच महिन्यांत अजिबात नाही.

कापणीच्या खणासाठी शंभर किलोला असं मिश्रण बसवलं : कणी ३०, मक्याची भरड १८, सोयाबीन पेंड १७, खोबऱ्याची पेंड १२, गव्हाचा कोंडा १२, ताजं पॉलिश ८, क्षार मिश्रण आणि मीठ ३. प्रथिनं १७ टक्क्यांच्या घरात. आधीच्या सुक्या खाद्यात तेल ९ टक्क्यांच्या आसपास होतं, पिंपातलं वेगळंच. आता चारच्या आत आलं. खोबऱ्याच्या पेंडीवर मालकाला शंका होती, "त्यातही तेलच ना?" तेलच, पण खोबरेल. थंडीत बाटलीत गोठतं ते. संपृक्त तेल खाद्यात असलं तर चरबी घट्टच होते. पेंडीत लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी, ते सोयाबीन भरून काढतं. गिरणीवाला तोच राहिला, फक्त पॉलिशच्या जागी कणी मागायची. खर्च साधारण दीडपट झाला आणि हे मी आधीच सांगून टाकलं होतं.

मधल्या मध्ये मालकाच्या कॉलेजातल्या मुलाने मोबाइलवर स्पेनच्या इबेरिको डुकरांचा व्हिडिओ दाखवला. ती ओकची फळं खातात, आपली काजूचे बोंडू खातील, 'कोकणी इबेरिको' म्हणून विकू! पोरगं हुशार आहे, पण ओकच्या फळात तेल असतं, ओलिक आम्लाचं, तेही असंपृक्तच. त्याने इबेरिकोची चरबी मऊच होते, फक्त ती सहज खवट होत नाही, आणि तिथले हॅम गार डोंगरी हवेत वाळतात. बोंडूत तेल नाहीच जवळपास, साखर आणि पाणी. साखरेची चरबी घट्ट होते. म्हणजे इबेरिको नाही, पण आजीच्या कामाची. मार्च ते मे बागेत पडणारे बोंडू ताजे असताना गोळा करून घालायचे एवढं त्या चर्चेतून निघालं, आणि ते वाईट नाही. पावसाळ्यात तसंच फणसाच्या आठळ्यांचं, पण उकडून.

सात नरांना भूल देऊन खच्ची केलं आणि दोन महिने त्यांच्यातलं एकही कापायचं नाही असं ठरलं. पुढे पिल्लं तिसऱ्या आठवड्याच्या आत. कुटी वाढीच्या पिल्लांना पाच टक्क्यांपर्यंत, कापणीच्या खणात शून्य. टेम्पोत एका वेळी एकाच खणातली जनावरं, रात्री नेऊन ठेवायची, फक्त पाणी, आणि पहाटे चारला कापायची.

सप्टेंबर, डिसेंबर, मे

पहिल्या दोन जनावरांची कापणी गणपतीनंतर झाली. सामू पाऊण तासाला ६.२ आणि ६.३. चरबीवर अंगठा उठला, पण हलका. जनावरांनी आधीचे तीन-चार महिने तेलच खाल्लं होतं, ते सगळं निघून जात नाही. वरून नवी घट्ट चरबी बसते, बस. नाताळच्या वेळची जनावरं पूर्ण नव्या खाद्यावरची होती. त्यांची चरबी फ्रिजमधून काढली तर पांढरी, कडक. जाडी १९ मिलिमीटर. तव्याची परीक्षा मालकाच्या बायकोने घेतली, मालकाला त्या कामातून कायमचं काढलं आहे.

खरी परीक्षा मे महिन्यात. आजीकडे गेलो तेव्हा माळा त्याच बांबूला होत्या. खाली वर्तमानपत्र होतं, त्यावर शिरक्याचे दोन-चार तांबडे थेंब होते, तेलाचा डाग एखादाच. आजीने एक मणी कापून हातावर ठेवला. चरबीचे चौकोन वेगळे दिसत होते.

"चरबी बरी जाली," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मास अजून फिका. गावठ्याची चव नाय."

याला माझ्याकडे उत्तर होतं पण औषध नव्हतं. मांसाचा लाल रंग वयाने आणि चालण्याफिरण्याने गडद होतो. आजीचं गावठी वर्ष-सव्वा वर्ष वाडीभर हिंडलेलं, मालकाचं यॉर्कशायर सात महिन्यांचं, खणात बसून खाल्लेलं. इथे जात, वय आणि मोकळीक यांची गाठ अशी बसली आहे की एकच सोडवता येत नाही. गोव्यातल्या अगोंदा भागातल्या देशी डुकराची 'अगोंदा गोवन' म्हणून राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात नोंदलेली आहे. आमच्या वाड्यांत हिंडणारी काळी डुकरंही दिसायला त्यांच्या जवळची. पण ती सुटी हिंडली की काय खातात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातून मांसात तांदळाच्या दाण्यांसारख्या फीतकृमीच्या गाठी येतात. चव हवी तर रक्त गावठी, पण ताट आणि जागा आपल्या हातातली, असं मी मालकाला म्हटलं.

त्याने ते अर्धंच ऐकलं. ड्युरॉकचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन काळ्या डुकरिणी विकत घेतल्या, त्यांना यॉर्कशायर नर लावला आणि बागेत कुंपण घालून त्यांची पिल्लं मोकळी सोडली. ती दहा महिन्यांवर कापणार, फक्त चोरीसवाल्या घरांसाठी, किलोमागे जास्त दराने. हॉटेलला सात महिन्यांची पांढरीच जातात, त्यांना बिनचरबीचे चॉप हवे असतात आणि ते खूश आहेत. दोन खण, दोन हिशेब. कणीचं बिल पाहून तो अजून दर महिन्याला मला फोन करतो.

कुटीची शेवटची दोन पोती पावसाच्या तोंडावर माडांच्या आळ्यांत गेली.